तात्पुरती व्यवस्था

सासरेबुवांनी शिफारस केलेल्या तीन गोष्टी जावयाला नाकारता येत नाहीत: डॉक्टर, गुंतवणूक आणि हॉटेल. आमच्या बाबतीत डॉक्टर वारले आणि गुंतवणूक बुडाली, त्यामुळे सगळी भिस्त हॉटेलवर होती.

डिसेंबरात ग्वाल्हेरला तानसेन समारोहाला जायचं ठरलं आणि सासरेबुवा खुर्चीत सावरून बसले. "उतरायचं कुठं ते मी सांगतो. सत्त्याऐंशी साली आम्ही उतरलो होतो. फर्स्ट क्लास! लॉबीत गालिचा, माशांची टाकी, खोलीत फोन, चोवीस तास गरम पाणी. आणि मॅनेजर आपला, मराठी."

मी मोबाइलवर हॉटेलचे फोटो पाहिले. गालिचा होता, मासे होते, फोन होता. फक्त लॉबीतल्या टीव्हीला लाकडी शटर होतं, तेवढं जरा खटकलं.

हॉटेलचं नाव मी सांगणार नाही. एक तर मॅनेजर भला माणूस आहे. दुसरं म्हणजे दर्शनी पाटीवरची मोक्याची अक्षरं गळून पडली आहेत आणि बिलावरचा शिक्काही नेमका तिथंच पुसट उठतो, त्यामुळे ते नाव छातीठोकपणे सांगू शकेल असा माणूस हॉटेलात एकच, आणि त्याला ऐकू कमी येतं.

इथे आमच्या घरची राज्यघटना थोडक्यात सांगणं भाग आहे. बाबांनी सुचवलेल्या वस्तूत खोट काढण्याचा अधिकार फक्त हिचा, आणि तो ती वापरत नाही. मी वापरला तर "तुला बाबांचं काहीच पटत नाही" हे कलम लागू होतं आणि त्यावर अपील नाही. त्यामुळे हॉटेलच्या पायरीवरची पहिलीच टाइल माझ्या पायाखाली डुगडुगली, तेव्हा मी म्हणालो, "काय मजबूत बांधकाम आहे!"

"जुनं ते जुनंच," ही म्हणाली.

काउंटरमागे कानटोपी आणि मफलर यांच्या मधल्या फटीतून एक चेहरा आमच्याकडे बघत होता. हे मॅनेजरकाका. पायाशी हीटर, पुढ्यात पोथीच्या आकाराचं रजिस्टर, मागे किल्ल्यांची फळी. प्रत्येक किल्लीला पितळेचा असा भरभक्कम ठोकळा, की ती चुकून खिशात राहिली तर पँट आधी कळवेल.

"या, या! पुण्याचे ना? आमचे पणजोबाही तिकडलेच. शिंदेसरकारांच्या फौजेबरोबर आले."

ग्वाल्हेरातला मराठी माणूस भेटला की पहिल्या पाच मिनिटांत त्याचे पणजोबा, खापरपणजोबा शिंद्यांच्या फौजेबरोबर येतात. फौज केवढी असेल याचा अंदाज मला ग्वाल्हेरात पहिल्यांदा आला. तीत कारकून, पुराणिक, वैद्य, आचारी आणि गवई इतके होते, की लढत नक्की कोण होतं हे विचारायचा मोह मी आवरला.

"लिफ्ट कुठं आहे?" मी विचारलं.

"लिफ्टचं काम निघालंय. पूर्ण हॉटेलचंच रिनोव्हेशन सुरू होऊन राहिलंय नं! आपण काही फिकर नका करू. तोवर ही तात्पुरती व्यवस्था." आणि त्यांनी हाक मारली, "छोटू!"

छोटू आला. वय साठीच्या आसपास. हॉटेल उघडलं त्या साली तो पोरगेला म्हणून कामाला लागला आणि तेव्हाच त्याचं बारसं झालं. नंतर त्याला नातू झाला, मोतीबिंदू झाला, पण नाव बदलण्याएवढी फुरसत कुणाला झाली नाही. त्यानं दोन्ही बॅगा उचलल्या. पहिल्या मजल्यावर त्या मी घेतल्या आणि दुसऱ्या मजल्यावर छोटूला हात दिला.

जाताना लिफ्ट दिसली. जाळीच्या दारावर 'लिफ्ट का काम चल रहा है, असुविधा के लिए खेद है' असा कागद होता, उन्हानं पिवळा पडलेला. त्याचा एक कोपरा सुटला होता आणि खालून तोच मजकूर डोकावत होता, टाइपरायटरवरचा. त्याच्याही खाली शाईनं लिहिलेला एक होता. आत, डब्यात, खुर्च्या, पोछे आणि दिवाळीच्या माळा सुखानं नांदत होत्या.

मॅनेजरकाकांना मी दोष देणार नाही. या गावाला तात्पुरत्या गोष्टींची परंपराच मोठी आहे. १८१० साली दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याच्या दक्षिणेला फौजेचा तळ टाकला. तळ म्हणजे तंबू, राहुट्या, घोड्यांच्या रांगा. आज आहे, उद्या उठला. तो काही उठला नाही. तंबूंच्या जागी वाडे आले, वाड्यांच्या पुढ्यात फाळके बाजार, पाटणकर बाजार उभे राहिले, मधोमध महाराज बाडा झाला, आणि दोनशे वर्षांनंतरही त्या सगळ्या शहराचं नाव 'लष्कर'च आहे. ज्या गावात एक राजधानी तात्पुरती म्हणून वसली, तिथे खोलीच्या छतातून गळणाऱ्या पाण्याखाली ठेवलेली बादली कुणाच्या डोळ्यांत का खुपावी?

होय, बादली होती. छोटूनं दार उघडलं आणि आम्हाला पहिल्यांदा ऐकू आला तो 'टप्' असा आवाज.

"ऊपरवाले बाथरूम का है, साब," छोटू आभाळाकडे बोट दाखवून म्हणाला. आधी मला वाटलं तो देवाविषयी बोलतोय.

"पाणी आहे म्हणायचं भरपूर," ही म्हणाली. तिच्या पितृभक्तीला मी मनोमन नमस्कार केला.

छतावर त्या गळतीची ओल पसरली होती. पहिल्या दिवशी ती पलंगाच्या पायथ्याशी, साधारण उज्जैनच्या आसपास होती. रात्री उताणं पडून तिच्याकडे बघणं हाच आमचा विरंगुळा, कारण टीव्हीवर एकच वाहिनी दिसायची आणि तीवर शेतीच्या खतांची माहिती यायची. दर दिवशी ओल थोडी उत्तरेला सरकायची. महादजी शिंद्यांनी बादशहाला दिल्लीच्या तख्तावर परत बसवायला निघावं त्या निर्धारानं ती माझ्या उशीच्या दिशेनं येत होती. मथुरा पडली तेव्हा मी पलंग सरकवायचा विचार केला, पण पलंगाचा एक पाय म्हणजे चार विटा होत्या. तात्पुरत्या.

हॉटेलच्या माहितीपत्रकात आमच्या खोलीपुढे 'किल्ला दर्शन' असं छापलेलं होतं. खिडकी उघडली तर समोर दुसऱ्या हॉटेलचा कूलर. मी फोन उचलला. फोन मृत होता. खाली जाऊन विचारलं.

"दिसतो ना किल्ला!" मॅनेजरकाका दुखावले. "बाथरूमच्या झरोक्यातून बघायचं. बादली पालथी घालायची, वर उभं राहायचं, मान जरा उजवीकडे. अगदी मानसिंहाचा महाल येतो समोर."

आणि खरोखरच आला. पंधराव्या-सोळाव्या शतकाच्या सांध्यावर मानसिंह तोमरानं बांधलेला तो राजवाडा. बाबरानं ज्याला हिंदुस्थानातल्या किल्ल्यांमधला मोती म्हटलं असं सांगतात, तो अख्खा किल्ला सकाळच्या धुक्यातून वर येताना मी टॉवेलवर, पालथ्या बादलीवर उभा राहून पाहिला. मोगल बादशहालाही ही जागा मिळाली नसेल. अडचण एवढीच होती की बादली एकच होती, आणि किल्ला बघायचा म्हटलं की खोलीत तळं साचायचं.

आता स्विचबोर्ड. भिंतीवर बटणांची दुहेरी ओळ होती आणि कुठलं बटण कशाचं याविषयी कंपनी, वायरमन आणि नियती यांचं एकमत झालेलं नव्हतं. 'रूम सर्व्हिस' लिहिलेलं बटण मी दाबलं. शेजारच्या खोलीत किणकिण वाजली. दार उघडलं आणि शाल पांघरलेले एक वयस्क गृहस्थ अदबीनं उभे.

"जी, आपने याद किया?"

हे इंदूरचे. तेही समारोहासाठी आलेले, सपत्नीक. मी माफी मागितली, ते "कोई बात नहीं" म्हणून परत गेले आणि त्यांनी स्वतःच्या चहासाठी त्यांचं बटण दाबलं. आमच्या खोलीतला दिवा गेला.

त्यानंतर दोन्ही कुटुंबांत एक व्यवस्था आपोआप ठरून गेली. आमचा दिवा गेला की त्यांना चहा हवाय असं समजून मी जिन्यात जाऊन छोटूला हाक मारायची. त्यांच्याकडे किणकिण झाली की आम्हाला चहा हवाय असं समजून त्यांनी हाक मारायची. स्वतःचा चहा स्वतः सांगता येत होता, हे आम्हा चौघांपैकी कुणाच्याही डोक्यात आलं नाही. आलं असलं तरी एकदा बसलेली घडी मोडायची कुणी?

भिंती पातळ होत्या. सासरेबुवांनी त्या जाड असल्याचं सांगितलं होतं, तेव्हा त्या झिजल्या असणार. इंदूरकरांच्या सुनेचं आणि सासूचं पटत नाही, फ्लॅट धाकट्याच्या नावावर होणार आहे आणि थोरल्याला हे अजून माहीत नाही, हे सगळं आम्हाला विनासायास कळलं. याचीही परंपरा याच गावातली. हस्सू खाँ आणि हद्दू खाँ या भावांनी बडे मोहम्मद खाँची तान पडद्याआड लपून, महिनोन्‌महिने ऐकून उचलली, आणि त्यातून ग्वाल्हेर घराण्याला तिचा तोरा आला, अशी कथा सांगतात. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर पुढे तीच गायकी महाराष्ट्रात घेऊन गेले. आम्ही मात्र इंदूरचा फ्लॅट घेऊन आलो.

आणि आता ज्याच्यासाठी हा सगळा प्रपंच, तो गीझर.

डिसेंबरातली ग्वाल्हेरची थंडी पुण्याच्या माणसाला समजावून सांगता येत नाही. आपल्याकडे थंडी पडते; तिथे ती राहायला येते. पहाटे नळाला हात लावला तर नळाला आपला स्पर्श गरम वाटत असावा. अशा हवेत 'चोवीस तास गरम पाणी' या चार शब्दांवर आम्ही पुण्याहून निघालो होतो. मॅनेजरकाकांनी ते नाकारलं नाही. "चोवीस तास आहे. फक्त केव्हा येईल ते सांगता नाही येत."

गीझर चालवायची रीत छोटूनं स्वतः दाखवली. गीझरचं बटण जळालेलं होतं, म्हणून त्याची वायर तात्पुरती पंख्याच्या बटणाला जोडली होती. अर्थात गीझर लावायचा तर पंखा लावावा लागे. पंखाही असा, की त्याचा रेग्युलेटर चोरीला गेल्यापासून त्याला एकच वेग ठाऊक होता. म्हणजे आत एकजण अंघोळीच्या आशेवर कुडकुडत उभा आणि बाहेर दुसरा रजईत, वर पंखा पूर्ण वेगात. गरम पाणी येईतो बाहेरच्याची दातखीळ बसायची, आणि तो बाहेर म्हणजे बहुतेक वेळा मीच, कारण पहिली अंघोळ हिची.

"येतंय का?" मी रजईतून ओरडायचो.

"लाल दिवा लागलाय!"

"दिवा नको, पाणी?"

"बाबांच्या वेळी हा गीझर नवीन असणार," आतून आवाज यायचा. पाण्याविषयी मौन.

लाल दिवाही कधी लागायचा, कधी नाही. लागला नाही तर गीझरच्या पोटावर डाव्या बाजूनं चपलेनं दोन चापट्या मारायच्या, अशी छोटूची सूचना होती. तानसेनानं दीपक राग गायला तेव्हा दिवे आपोआप पेटले म्हणतात. मी चप्पल टेकवून गीझरसमोर उभा राहिलो, सासऱ्यांचं स्मरण केलं आणि घसा साफ केला. दीपक मला येत नाही. जे येतं ते गायलो. शेजारून किणकिण न होताच इंदूरकर आले आणि "सब ठीक तो है?" विचारून गेले.

पाण्याचा मामला वेगळाच. शहराला पाणी पुरवणाऱ्या धरणांत तिघरा हे जुनं, आणि विश्वेश्वरय्यांनी शोधलेले आपोआप उघडणारे दरवाजे आधी आमच्या खडकवासल्याला बसले, मग या तिघऱ्याला. पाणी ठरल्या पातळीच्या वर गेलं की दार आपलं आपण उघडतं, खाली उतरलं की आपलं आपण मिटतं. माणूस लागत नाही. धरणापासून आमच्या बाथरूमपर्यंत येता येता ही सगळी हुशारी संपून जायची. इथे नळाला माणसं लागत. एकानं चावी फिरवायची, दुसऱ्यानं पाइप जरा वर उचलून धरायचा आणि तिसऱ्यानं, म्हणजे छोटूनं, गच्चीवर जाऊन टाकीच्या बॉलकॉकला काठीनं ढोसायचं. मग पाणी निघायचं. पोचायचं नव्हे, निघायचं.

त्या निघण्या-पोचण्याच्या मधल्या वेळात नळ गायचा. ग्वाल्हेरची गायकी अष्टांगप्रधान म्हणतात, आणि आमच्या नळानं एकही अंग सोडलं नाही. आधी लांब, खर्जातला आलाप. मग बहलावा, सगळ्या भिंतीतून फिरून आलेला. मग एक मींड, अशी की दातांना कळ लागावी. गमक सुरू झाली की आरसा थरथरायचा. शेवटी गच्चीपासून तळघरापर्यंत सरळ सपाट तान, धडाधडा, आणि आता समेवर पाणी येणार म्हणून आपण तांब्या पुढे करावा, तर नळातून 'फुस्' असा सुस्कारा आणि तपकिरी रंगाचा एक थेंब. घराणं शुद्ध होतं, यात शंका नाही.

समारोहाच्या पहिल्या रात्री याचा परिणाम दिसला. हा समारोह १९२४ पासून चालत आलेला. तानसेनाच्या समाधीपाशी सकाळी शहनाई, ढोलीबुवांची हरिकथा, मग मिलाद, असा त्याचा आरंभ होतो, आणि संध्याकाळपासून गाणं. आम्ही स्वेटर, शाल, कानटोपी असा सगळा चिलखती पोशाख करून बसलो होतो. मोठे गवई आले, मंडप शांत झाला, त्यांनी डोळे मिटून खर्जातला षड्ज लावला. आणि हिनं दचकून माझ्या दंडाला धरलं.

"नळ बंद केला होता का रे?"

समाधीजवळच्या चिंचेचा पाला खाल्ला की गळा गोड होतो, अशी समजूत आहे. मूळ झाड गवयांनी आणि होऊ घातलेल्या गवयांनी केव्हाच ओरबाडून संपवलं. आता आहे ते नंतरचं. मी दोन पानं उचलून खिशात ठेवली. नळासाठी.

नाश्ता खोलीच्या भाड्यात धरलेला होता. इथे मला माझ्याविषयी, आणि तुमच्याहीविषयी, एक गोष्ट नोंदवून ठेवायची आहे. ग्वाल्हेर हे सकाळच्या खाण्याचं गाव आहे. हॉटेलपासून रिक्षेच्या अंतरावर बेडई तळली जात होती, कचोरीवर बटाट्याची रस्सेदार भाजी पडत होती, नया बाजारात बहादुराकडे तुपातल्या जिलेब्या निघत होत्या. आणि आम्ही? आम्ही रोज सकाळी त्या गारठलेल्या डायनिंग हॉलमध्ये बसून एका बाजूनं जळलेला आणि दुसऱ्या बाजूनं कच्चा टोस्ट खात होतो. टोस्टरची एकच बाजू चालायची.

"बाहेर जाऊ या का?" मी विचारायचो.

"पैसे भरलेत ना आपण?"

भरलेले होते. म्हणून आधी टोस्ट खायचा, वर पोहे घ्यायचे, वसूल व्हावं म्हणून केळं खिशात टाकायचं, आणि मग तुडुंब पोटानं नया बाजारात जाऊन जिलेबीकडे बघत उभं राहायचं. शेजारच्या टेबलावर इंदूरकरही तोच टोस्ट तितक्याच कर्तव्यबुद्धीनं चावत असत. पोह्याच्या माहेराहून आलेला माणूस ते पोहे खाताना मी पाहिला आहे. फुकट मिळालेल्या वस्तूपुढे माणसाची जीभ, जात आणि जिल्हा काही टिकत नाही.

एक दिवस जयविलास पॅलेस बघायला गेलो. १८७४ साली जयाजीराव शिंद्यांनी मायकेल फिलोजकडून बांधून घेतलेला. दरबार हॉलमध्ये दोन झुंबरं आहेत, प्रत्येकी साडेतीन टनांचं. ती टांगण्याआधी छत पेलेल का हे बघायला वर हत्ती चढवले होते, असं तिथे सांगतात. हत्तींचा आकडा गाइडगणिक बदलतो. आमच्या गाइडनं सांगितलेल्यापेक्षा शेजारच्या गाइडचे दोन जास्त होते आणि त्यामुळे आमचा ग्रुप खट्टू झाला. मी मान वर करून बघत होतो आणि डोळ्यांपुढे आमच्या खोलीतला पंखा होता. त्याच्या छताची चाचणी कबुतर बसवून तरी कुणी घेतली असेल का?

खालच्या जेवणघरात टेबलावरून धावणारी चांदीची आगगाडी आहे. डब्यांतून ब्रँडी, सिगार पाहुण्यांपुढे यायचं. डब्यातलं पात्र उचललं की गाडी थांबायची, ठेवलं की निघायची. ही त्या गाडीपुढे बराच वेळ उभी राहिली.

"काय बघतेस एवढं?"

"छोटूला किती बरं झालं असतं," ती म्हणाली.

सासरेबुवांचा फोन रोज रात्री यायचा. त्यांच्या प्रश्नांचा रोख एकच असे.

"लॉबीत तो लाल सोफा आहे का अजून?"

"आहे, बाबा."

"आणि मासे?"

"टाकी आहे."

"गरम पाणी?"

इथं ही क्षणभर थांबायची, माझ्याकडे बघायची आणि म्हणायची, "येतं ना." खोटं नव्हतं. येतच होतं, फक्त तेव्हा आम्ही बाहेर असायचो. मग ती फोन ठेवायची, बाथरूममध्ये जायची आणि तिथून बहिणीला फोन लावून कुजबुजत हॉटेलचा सगळा उद्धार करायची. मला तो शब्दन्‌शब्द ऐकू यायचा, इंदूरकरांनाही. दुसऱ्या दिवशी इंदूरच्या वहिनी हिला जिन्यात हळूच म्हणाल्या, "हमारे भी ससुरजी ने ही बताया था."

आता तक्रारींविषयी. आम्ही भरपूर तक्रारी केल्या. रिक्षावाल्याकडे केल्या, पॅलेसमधल्या गाइडकडे केल्या, समारोहात शेजारी बसलेल्या एका संपूर्ण अनोळखी बाईंकडे केल्या. मॅनेजरकाकांसमोर गेलो की मात्र त्यांच्या पणजोबांकडे बघून तोंडातून शब्द फुटेना. एकदा मी मनाचा हिय्या करून गेलो. "काका, ते गीझरचं..."

"लक्षात आहे," ते म्हणाले. "होऊन जाईल."

"आणि छताचं..."

"त्याच्यातच होऊन जाईल." मग त्यांनी खुर्ची ओढून दिली, गजकाची बशी पुढे केली आणि विचारलं, "सासरे बरे आहेत ना आपले? बोहारणीशी करावी तशी घासाघीस करून रूमचं भाडं ठरवलं होतं त्यांनी त्या वेळी. माणूस मोठा!" मग मी कसली तक्रार करणार? गजक मात्र फर्मास होता.

निघायच्या आदल्या दिवशी नाशिकचं एक जोडपं आलं, नवंनवं लग्न झालेलं. तो मुलगा लाल चेहऱ्यानं जिन्यात उभा होता. "काका, हे काय हॉटेल आहे का? मी आत्ताच्या आत्ता..."

माझ्यात काय संचारलं कोण जाणे. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला त्याच्या खोलीत घेऊन गेलो. "हे बघ, घाबरायचं नाही. ते बटण घंटीचं नाही, ते वरच्या पॅसेजच्या ट्यूबचं. घंटी म्हणजे हे, पण ती वाजते चौदा नंबरात. तिथले काका भले आहेत. नळाची चावी उलटी फिरते. पाइप वर उचलताना वहिनींना धरायला सांग. गीझर लागत नसेल तर चप्पल. उजवीकडून नाही मारायची, डावीकडून. आणि मनापासून."

त्यानं मारली. लाल दिवा लागला. त्या मुलाच्या डोळ्यांत मला जो आदर दिसला तो माझ्या नोकरीच्या सबंध आयुष्यात कुणाच्या डोळ्यांत दिसला नव्हता. बाहेर आलो तर पॅसेजमध्ये इंदूरकर दुसऱ्या एका कुटुंबाला झरोक्यातून किल्ला बघताना मान कुठे वळवायची ते दाखवत होते. आम्ही एकमेकांना ओझरतं अभिवादन केलं. दोघंही कामात होतो.

सकाळी हिशेब करायला खाली उतरलो. मॅनेजरकाकांनी अभिप्रायाचं रजिस्टर पुढे केलं. मी आधीची पानं चाळली. कोल्हापूर, भोपाळ, डोंबिवली, झाशी, सगळ्यांनी एकजात लिहिलं होतं: 'उत्तम व्यवस्था. घरच्यासारखं वाटलं.' मीही तेच लिहिलं. हिनं खाली 'गीझर विशेष' अशी भर घातली.

"पुढच्या वेळी आलात की ओळखणार नाही आपण," काका म्हणाले आणि ड्रॉवरमधून त्यांनी गुंडाळी काढली. नव्या हॉटेलचा नकाशा होता. दर्शनी बाजू पूर्ण काचेची. गच्चीवर रेस्टॉरंट. लिफ्ट दोन. लॉबीत धबधबा.

"पाणी?" मी विचारलं.

"होऊन जाईल."

"आणि हा सोफा?" हिचा आवाज जरा कापरा झाला होता.

"सगळं नवं. छोटूलाही युनिफॉर्म."

"मग भाडं?"

काकांनी आकडा सांगितला. ही सोफ्यावर बसली. सोफ्यातून स्प्रिंगचा खर्जातला स्वर निघाला.

"नक्की केव्हा सुरू होणार हे सगळं?"

"हाच येता उन्हाळा. ठेकेदाराशी बोलणं झालेलं आहे."

"मागच्या वर्षी केव्हा सुरू होणार होतं?"

काकांनी थोडा विचार केला. "उन्हाळ्यातच."

हिचा चेहरा उजळला. तिनं पर्स उघडली आणि पुढच्या डिसेंबरचा ॲडव्हान्स मोजून काउंटरवर ठेवला.

"हीच खोली," ती म्हणाली. "आणि पंख्याच्या वायरला कुणाला हात लावू देऊ नका."